ग्रीन टी: कपातली की कॅप्सूलमधली?

सोलापुरात आता ग्रीन टी दोन रूपांत दिसते: किराणा दुकानात पत्ती, औषधाच्या दुकानात अर्काची कॅप्सूल. दोन्हींतला मुख्य परिणामकारक घटक एकच, ईजीसीजी (चहाच्या पानांतलं एक अँटिऑक्सिडंट रसायन). निरोगी पेशींचं भलं होतं की नुकसान, हे बरंचसं त्याच्या मात्रेवर ठरतं.

अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने २०१५ मध्ये तोंडाच्या पेशींवर प्रयोग केला. ईजीसीजीमुळे कर्करोगाच्या पेशींचे मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारे भाग, बिघडले. निरोगी पेशींना उलट संरक्षण मिळालं, कारण तिथे सर्ट-३ या प्रथिनाचं काम वाढलं. पण हे सगळं प्रयोगशाळेत, माणसांवर नव्हे. (मावा चघळून वर ग्रीन टी पिणाऱ्यांनी हुरळून जाऊ नये.)

कॅप्सूलची खरी अडचण यकृताची. दिवसभराच्या साध्या ग्रीन टीतून साधारण ९० ते ३०० मिलिग्रॅम ईजीसीजी पोटात जातं. कॅप्सूलमधून रोज ८०० किंवा जास्त गेलं, तर यकृताच्या निरोगी पेशींना इजा होऊ शकते, असा इशारा युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये दिला. उपाशीपोटी तर ते रक्तात आणखी जास्त उतरतं. आणि वजन उतरवायला निघालेली मंडळी नेमकी उपाशीपोटीच गोळी घेतात!

कपातल्या ग्रीन टीतही एक खोट आहे: तिच्यामुळे भाकरी-भाजीतलं लोह नीट शोषलं जात नाही. रक्त कमी असेल तर जेवणानंतर तासभर थांबून प्यावी.

माझं मत कपाला. कॅप्सूल घ्यायचीच असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि डबीवर ईजीसीजीचे मिलिग्रॅम लिहिले नसतील, तर ती परत करा.