तयार पॅकेजवर आठ महिने: पोस्टग्रेस आणि मराठी नावांची यादी

लातूरच्या एका क्लासचा सर्व्हर मी सांभाळतो. प्रवेश, फी, रविवारची नीटची सराव परीक्षा, सगळं पोस्टग्रेस 16 या डेटाबेसवर. आधीच्या सर्व्हरवरचं पोस्टग्रेस बाहेरच्या माणसाने सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून, कंपाइल करून दिलं होतं. ‘आपल्या मशीनसाठी खास’ म्हणून मलाही ते बरं वाटलं होतं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी बैठकीची यादी भिंतीवर लागते. रेणापूरहून आलेले एक काका शेवटच्या पानावर बोट फिरवत उभे होते. मुलीचं नाव क्षितिजा, म्हणजे शेवटीच असणार, हा त्यांचा हिशेब बरोबर होता. नाव निघालं क आणि ख यांच्या मधे. ज्ञानेश्वर झ च्या आधी. आडनावांनी यादी काढली तर काळे कावळ्यांच्या वर. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षर-क्रमांकांच्या यादीत, ळ चा क्रमांक व च्या आधीचा आहे, आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. आमचा डेटाबेस ‘सी’ लोकेलवर (भाषेच्या सेटिंगवर) होता आणि ते भाषेचा क्रम न बघता नुसते बाइट पाहतं.

यावर उपाय म्हणजे आयसीयू या भाषांचे नियम सांभाळणाऱ्या लायब्ररीचं मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरं लावायचा क्रम. लावून पाहिलं, तर डेटाबेस म्हणाला असं कोलेशनच नाही. मग पीजी-कॉन्फिग या कमांडमधून बिल्डचे, म्हणजे कंपाइल करताना दिलेले, पर्याय काढले आणि त्यात ‘विदाउट-आयसीयू’ दिसलं. आवृत्ती 16 पासून आयसीयू मुळातच चालू असतं. लायब्ररी सापडली नाही की कन्फिगर (कंपाइलआधीची तपासणी) थांबतं आणि हाच पर्याय सुचवतं. त्या माणसाने तो टाकला आणि पुढे गेला. त्या एका शब्दाने आमच्या पोरांची नावं विस्कटली, याचा मला खरंच राग आला.

एका रविवारी रात्री डंप (डेटाची पूर्ण प्रत) घेऊन डेबियन 12 या लिनक्सवर, पोस्टग्रेस प्रकल्पाच्या रिपॉझिटरीतल्या तयार पॅकेजवर आलो. त्यात आयसीयू आहे, डेटा दाबून ठेवणारं एलझेड4 आहे, सर्व्हिस सांभाळणाऱ्या सिस्टमडीची सोय आहे. नावाच्या कॉलमला मराठी कोलेशन लावलं: कावळे, काशीद, काळे. क्ष, ज्ञ शेवटी. दर तीन महिन्यांनी येणारी मायनर (दुरुस्त्यांची) आवृत्ती आता दोन कमांडमध्ये बसते. पूर्वी 2 जीबीच्या मशीनवर कंपाइल लावून बसावं लागायचं, म्हणून ती टळतच राहायची.

माझं मत पक्कं झालंय. जो पर्याय वापरला नाही तर पडून राहतो, तो पॅकेजात चालूच असावा. नको असेल तर मला सेटिंगमध्ये बंद करता येतं, पण बिल्डमध्येच नसेल तर काहीच करता येत नाही. जड वस्तू मात्र वेगळी ठेवावी. जेआयटीसाठी, म्हणजे क्वेरी चालतानाच तिचे भाग कंपाइल करण्यासाठी, एलएलव्हीएम ही अख्खी कंपायलर लायब्ररी लागते. आरपीएमवाल्यांनी (रेड हॅटसारख्या लिनक्ससाठी पॅकेज बनवणाऱ्यांनी) त्याचं वेगळं पॅकेज केलंय, ते मला जास्त पटतं. आमच्या फीच्या अहवालात क्वेरीपेक्षा जेआयटीचाच वेळ जास्त जायचा, शेवटी बंद केलं. ब्लॉकचं, म्हणजे डिस्कवर डेटा ज्या तुकड्यांत लिहिला जातो त्याचं, 8 केबी माप कुणी बदलू नये. वेगळ्या मापाच्या बिल्डला जुनी डेटा डिरेक्टरी उघडतच नाही.

एक त्रास सांगितलाच पाहिजे. डेबियन 13 वर गेलो तेव्हा आयसीयू 72 वरून 76 झालं आणि कोलेशनची आवृत्ती जुळत नसल्याचा इशारा यायला लागला. तो दाबून टाकू नका. त्या कॉलमवरचे इंडेक्स (शोधासाठी क्रमाने लावलेल्या सूच्या) आधी नव्याने बांधा, मगच कोलेशनची नोंदलेली आवृत्ती रिफ्रेश करा. उलटं केलं तर इशारा जातो, पण इंडेक्स जुन्याच क्रमाने राहतो आणि यादीत असलेलं नाव शोधल्यावर सापडत नाही.