तारीख क्वेरीत (डेटाबेसातनं माहिती मागवायच्या आज्ञेत) फॉरमॅट करायची का रिपोर्टात?

आमच्या लातूरकडं आडतीच्या रिपोर्टात हा घोळ कायमचाच. एसक्यूएल सर्व्हरला (मायक्रोसॉफ्टच्या डेटाबेसला) १७/०९/२०२३ असा मजकूर दिला की अमेरिकन सेटिंगवर ते १७ ला महिना समजतंय अन् कन्व्हर्जन एरर फेकतंय, ते बरंच म्हणा, कारण ०५/०९ दिलं तर गुपचूप ९ मे करून मोकळं होतंय अन् सोयाबीनची आवक भलत्याच महिन्यात दिसती.

आता क्वेरीतच कन्व्हर्ट (प्रकार बदलायचं फंक्शन) लावून १०३ स्टाईलनं, म्हंजी दिवस/महिना/वर्ष अशी, तारीख काढली तर दिसायला झ्याक, पण ती तारीख राहिली कुठं, मजकूर झाला की राव! मग सॉर्ट केलं की ०१/१२/२०२३ हे ०२/०१/२०२३ च्या आधी येतंय, अन् एक्सेलमधी नेलं की बेरीज-फिल्टरची बोंब.

त्यापेक्षा क्वेरीतून तारीख तारीख म्हणूनच सोडा, रिपोर्टात टेक्स्टबॉक्सच्या फॉरमॅटमधी dd/MM/yyyy टाका, महिन्याचा एम कॅपिटल बरं का, स्मॉल टाकला तर मिनिटं येतेत. मी तर हेच करतो. फक्त कॉलमच मजकुराचा असला तर हे फॉरमॅट चालत नाही, तिथं आधी क्वेरीत ट्राय_कन्व्हर्ट (जमलं तरच बदलणारं कन्व्हर्ट) १०३ सकट लावा, चुकीच्या ओळी नल (रिकाम्या) होतेत, त्या हुडकून दुरुस्त करा.