कुस्ती की बॉक्सिंग: सराव कुठे वेगळा पडतो

इंदुरात मुलाला आखाड्यात घालावं की बॉक्सिंगच्या वर्गाला, हे बहुतेक पालक फी आणि घरापासूनचं अंतर पाहून ठरवतात. त्याआधी एक पाहा: समोरचा खरा विरोध करत असताना पूर्ण ताकदीने सराव आठवड्यातून किती वेळा करता येतो?

कुस्तीत जवळपास रोज. डाव बसला की समोरचा पाठीवर जातो, उठतो, पुन्हा भिडतो. ज्युडोतही हेच दिसतं: जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत ज्युडोची कोदोकान संस्था काढली. जुजुत्सू या जुन्या जपानी युद्धकलेतले ठोसे-लाथा त्यांनी खुल्या झुंजीबाहेर ठेवले, आणि म्हणूनच उरलेले डाव पूर्ण जोराने खेळता आले. आखाड्यातला ‘जोर’, म्हणजे सरावाची पूर्ण ताकदीची झुंज, तेच देतो.

पण नुसता जोर पुरत नाही, कारण तगडा पोरगा रोज त्याच एका डावावर जिंकतो आणि दोघंही तिथेच अडकतात. त्यापेक्षा स्थिती ठरवून भिडवा. एकाचा दुहेरी पट (समोरच्याचे दोन्ही पाय धरून पाडायचा डाव) आधीच बसलेला, हात गुडघ्यांमागे. दुसऱ्याने पाय मागे फेकून कंबरेचं वजन त्याच्यावर टाकायचं. 30 सेकंद, मग अदलाबदल, अशा आठ फेऱ्या. पट काढताना नवखा कंबरेत वाकतो, डोकं खाली जातं आणि मान समोरच्याच्या काखेत सापडते. उतरायचं गुडघ्यातून, पाठ सरळ, डोकं त्याच्या बरगडीला चिकटलेलं.

माती पडायला मऊ, पण स्पर्धेत उतरायचं तर मॅटची सवय लागतेच. मॅटवर बूट जागीच पकड घेतो, शरीर वळतं आणि गुडघा मुरगळतो. गजकर्ण दोन्हीकडे होतं. सराव संपताच आंघोळ करायची.

बॉक्सिंगमध्ये रोज पूर्ण जोर लावला तर मार मेंदूला बसत राहतो. हेडगार्ड कातडी फाटण्यापासून वाचवतं, मेंदूला बसणारा हादरा थांबवत नाही. त्यामुळे बराचसा सराव शॅडो (एकट्याने हवेत ठोसे), टांगलेली बॅग आणि उस्तादांनी हातात धरलेले पॅड यांवरच होतो. बॅग उलटून मारत नाही, म्हणून जॅबनंतर (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) हात छातीपर्यंत घसरतो आणि ती खोड रिंगमध्ये महागात पडते. पॅड धरणाऱ्याने प्रत्येक जोडठोशानंतर गालाकडे हलकी टपली मारावी, हात आपोआप वर राहतात. पुढची पायरी अटींची लढत: एकाने फक्त जॅब, दुसऱ्याने फक्त बचाव, दोन-दोन मिनिटं, 16 औंसाचे ग्लोव्ह्ज, जोर एक तृतीयांश. मार लागून डोकं दुखलं किंवा गरगरलं तर त्याच क्षणी थांबायचं, डॉक्टरांनी होकार दिल्याशिवाय पुन्हा उतरायचं नाही.

दोन्ही शिकायचं असेल तर आमचा कौल आधी कुस्तीला: अंगाला अंग भिडण्याची भीती जाते, तोल येतो. फक्त बॉक्सिंगच करायची असेल तर थेट तिथेच जा, कारण पैलवानाचा वाकलेला पवित्रा अपरकटला, म्हणजे खालून वर येणाऱ्या ठोशाला, आयताच सापडतो.

वर्ग पाहायला जाल तेव्हा उस्तादांना विचारा, डोक्यावर मार असलेली लढत आठवड्यातून किती वेळा होते. ‘रोज’ असं उत्तर आलं तर दुसरा वर्ग शोधा.