फ्लेक्स-रॅप की फ्लेक्स-नोरॅप: ओळ मोडू द्यायची का?

मोबाइलवर बटणांची रांग बिघडली की आपण आधी मार्जिन-पॅडिंग चाचपत बसतो. दुखणं बहुतेकदा दुसरीकडेच असतं. पानाची मांडणी ठरवणाऱ्या सीएसएसमध्ये फ्लेक्स, म्हणजे घटक रांगेत मांडायचा प्रकार, मुळातच 'नोरॅप' असतो, म्हणजे ओळ मोडत नाही. तयार सीएसएस क्लास देणाऱ्या टेलविंडचा 'फ्लेक्स' किंवा तशाच बूटस्ट्रॅपचा 'डी-फ्लेक्स' नुसता लावून सोडला, तर सगळं एकाच ओळीत कोंबलं जातं.

समजा, बातम्यांच्या साइटवर विषयांची बटणं आहेत: राजकारण, अर्थकारण, क्रीडा, मनोरंजन, आरोग्य, शेती. ३६० पिक्सेलच्या फोनवर नोरॅपमध्ये आधी प्रत्येक बटण आकसतं. पण 'अर्थकारण' मधेच तुटत नाही, म्हणून शब्दाच्या रुंदीपाशी आकसणं थांबतं, उरलेली बटणं स्क्रीनबाहेर जातात आणि अख्खं पान आडवं सरकायला लागतं. 'फ्लेक्स-रॅप' लावला की न मावणारं बटण निमूट खालच्या ओळीत उतरतं. सोबत 'गॅप-२' द्या, म्हणजे ओळींमध्येही तेवढंच अंतर पडतं. अशा बटणांसाठी माझं मत सरळ रॅपच्या बाजूने. फक्त त्यांना उरलेली जागा व्यापायला लावणारा 'ग्रो' लावू नका, नाहीतर शेवटच्या ओळीत एकटी पडलेली 'शेती' पानभर पसरते.

नोरॅप टाकाऊ मात्र नाही. विषय वीस-पंचवीस असतील तर रॅपमुळे पहिली बातमी दिसेपर्यंत अर्धी स्क्रीन बटणांनीच भरते. तिथे नोरॅप ठेवून बाहेरच्या डिव्हला (चौकटीला) आतलं आडवं सरकू देणारा 'ओव्हरफ्लो-एक्स-ऑटो' आणि प्रत्येक बटणाला आकसणं थांबवणारा क्लास, टेलविंडमध्ये 'श्रिंक-०', बूटस्ट्रॅपमध्ये 'फ्लेक्स-श्रिंक-०' द्या. मग पान जागेवर राहतं, सरकते ती फक्त पट्टी. शेवटचं बटण अर्धवट कापलेलं दिसलं तर बरंच. पुढे आणखी आहे हे वाचकाला कळतं. फोटोशेजारी मथळा असेल तरीही नोरॅपच हवा. तिथे लांबलचक लिंक चौकट फोडत असेल, तर मजकुराच्या डिव्हला शब्दाच्या रुंदीपेक्षाही आकसू देणारा टेलविंडचा 'मिन-डब्ल्यू-०' आणि सोबत लांब शब्द मोडू देणारा 'ब्रेक-वर्ड्‌स' लावा.

'फ्लेक्स-रॅप-रिव्हर्स' नव्या ओळी वरच्या बाजूला रचतो. एचटीएमएलमधला क्रम आणि टॅबचा प्रवास मात्र तोच राहतो, त्यामुळे कीबोर्ड वापरणारा खालून वर उड्या मारत बसतो. मी तरी त्याच्या वाटेला जात नाही.

सारख्या रुंदीची कार्डं मांडायची असतील तर हा वादच सोडा आणि ग्रिड, म्हणजे ओळी-रकान्यांची मांडणी, घ्या. रॅपमध्ये प्रत्येक ओळ आपापला हिशोब करते, त्यामुळे खालची कार्डं वरच्यांशी जुळतीलच असं नाही.

फोनवर रॅप आणि मोठ्या पडद्यावर एकच ओळ हवी असेल, तर 'फ्लेक्स-रॅप'सोबत टेलविंडमध्ये 'एमडी:फ्लेक्स-नोरॅप' लिहायचं, बूटस्ट्रॅपमध्ये 'फ्लेक्स-एमडी-नोरॅप'. मूळ सेटिंगमध्ये दोन्हीकडे एमडी, म्हणजे मध्यम पडद्याचा टप्पा, ७६८ पिक्सेलपासून सुरू होतो. जुना प्रोजेक्ट एकातून दुसऱ्यात नेताना गॅपकडे मात्र लक्ष ठेवा: 'गॅप-२' दोन्हीकडे ८ पिक्सेल, पण 'गॅप-३' टेलविंडमध्ये १२ आणि बूटस्ट्रॅपमध्ये १६. एवढ्या फरकानेही एखादं बटण खालच्या ओळीत जातं.