टाच हलता कामा नये: बर्टन कार्टेल बाइंडिंगसोबतचे दोन हंगाम

स्नोबोर्डच्या, म्हणजे बर्फाच्या उतारावरून घसरत जायच्या फळीच्या, दुकानात बूट त्या बोर्डाला जखडणाऱ्या बाइंडिंगच्या भिंतीसमोर उभे राहिले की विक्रेता पहिला प्रश्न हमखास विचारतो, "मऊ हवे की कडक?" माझ्या मते बहुतेकांची खरेदी या प्रश्नापाशीच चुकते. मऊ बाइंडिंग पायाला सुखावते आणि कडक बाइंडिंगमुळे बोर्ड सांगितल्याबरोबर ऐकतो, असे गृहीत धरून आपण या दोहोंत एकाची निवड करायला बसतो. प्रत्यक्षात आराम आणि तत्परता या दोन्ही गोष्टी आधी एकाच प्रश्नावर ठरतात, तो म्हणजे बुटाची टाच बाइंडिंगच्या मागच्या कमानीत पक्की बसते की नाही. कडकपणाचा विचार त्यानंतर करावा.

हे शहाणपण मला उशिरा आले. माझी पहिली जोडी मी एका ओळखीच्या माणसाकडून जुनी घेतली होती; ती कोणत्या कंपनीची होती याला महत्त्व नाही, कारण चूक माप न पाहता घेणाऱ्याची होती. बाइंडिंग एक माप मोठे असल्यामुळे बूट आत बोटभर सरकायचा. अमेरिकेतल्या ब्रेकेनरिजच्या उतारावर बोर्डाच्या टाचेकडच्या कडेवरून वळण घेताना मी भार टाकल्यानंतर बोर्ड क्षणभर विचार करून वळायचा, म्हणून मी घोट्यावरचा पट्टा रॅचेटचे, म्हणजे पट्टा आवळणाऱ्या दातेरी कळीचे, आणखी दोन दाते आवळायचो आणि तिसऱ्या फेरीपर्यंत अंगठा बधिर झालेला असायचा. नवी कोल्हापुरी चावते, पण आठवडाभरात पायाला सरावते. चुकीच्या मापाचे बाइंडिंग मात्र हंगाम संपला तरी सरावत नाही.

त्यानंतर घेतले ते बर्टन कंपनीचे कार्टेल, री-फ्लेक्स प्रकारातले, किंमत तीनशे डॉलरच्या आसपास. जेक बर्टन कार्पेंटर यांनी 1977 मध्ये व्हरमाँटमध्ये सुरू केलेल्या या कंपनीच्या बहुतेक बोर्डांवर बाइंडिंग बसवायला छिद्रांऐवजी लांब खाच असते आणि तिची काही बाइंडिंगे केवळ त्या खाचेवरच बसतात. री-फ्लेक्स प्रकार मात्र त्या खाचेवरही बसतो आणि इतर कंपन्यांच्या चार छिद्रांच्या बोर्डावरही. माझा बोर्ड दुसऱ्या कंपनीचा असल्यामुळे ही गोष्ट मला आधी खात्री करून घ्यावी लागली आणि ती प्रत्येकाने करावी. माझा बूट अमेरिकी मापाने 9 क्रमांकाचा आहे. मध्यम माप 8 ते 11 साठी असल्यामुळे तो त्यात मधोमध बसतो. ज्यांचा क्रमांक दोन मापांच्या सीमेवर येतो त्यांनी बूट बरोबर नेऊन दोन्ही जोड्या घालून पाहाव्यात, कारण एकाच क्रमांकाचे दोन कंपन्यांचे बूट बाहेरून सारखे नसतात.

बसवण्याच्या कामाला मी एक संपूर्ण संध्याकाळ दिली आणि ती सार्थकी लागली. बूट पट्ट्यांत अडकवून बोर्ड कडेवर उभा धरला आणि चवडा व टाच दोन्ही बाजूंनी सारखेच बाहेर येतात ना, हे पट्टीने मोजले. बाइंडिंगला बोर्डावर स्क्रूने घट्ट धरणाऱ्या मधल्या चकतीतल्या खाचा बोर्डाच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या तर दोन पायांतले अंतर बारकाईने बदलता येते आणि आडव्या ठेवल्या तर बूट मागेपुढे सरकवता येतो. मी आडव्या ठेवल्या. त्यानंतर घोट्यावरच्या पट्ट्याची लांबी अशी जुळवली की त्याची गादी घोट्याच्या बरोबर मध्यावर, दोन्ही हाडांना टाळून बसावी. या एका दुरुस्तीचा आरामावर जेवढा परिणाम झाला तेवढा गादीच्या जाडीचा झाला नसता.

चवड्याचा पट्टा या बाइंडिंगमध्ये वरून दाबण्याऐवजी बुटाच्या टोकावर टोपीसारखा बसतो आणि पायाला मागे, टाचेच्या कमानीकडे खेचतो. त्यामुळे घोट्याचा पट्टा पूर्वीपेक्षा दोन दाते सैल ठेवूनही टाच उचलली जात नाही आणि अंगठ्याची बधिरताही गेली. बाइंडिंगच्या, पोटरीमागे येणाऱ्या उंच पाठीचा पुढचा झुकाव औजाराविना बदलता येतो. तो थोडा वाढवला की टाचेच्या कडेवर बोर्ड लगेच उठतो, पण सपाट वाटेवर मांड्या पेटतात. सकाळी ताज्या उतारावर वाढवायचा आणि दुपारी पाय थकले की कमी करायचा, हा माझा शिरस्ता आहे. उणे 12 अंशांत जाड हातमोजे घालून रॅचेटची पट्टी ओढताना दात्यांत बर्फ अडकला तर तो नखाने खरवडण्याऐवजी बुटाच्या टाचेवर दोनदा आपटून झाडावा. ही तक्रार म्हणून सांगत नाही, कारण रॅचेट असलेल्या प्रत्येक बाइंडिंगची तीच गत असते.

कार्टेलचा कडकपणा मध्यम आहे. पहिल्याच हंगामात पाच-पंचवीस वेळा बर्फावर बसणाऱ्याला याहून मऊ काही घेतले तर भार टाकण्यातली चूक जास्त माफ होईल. रेलिंगवर घसरण्याच्या कसरती हाच ज्याचा छंद आहे त्यालाही तेच बरे. उलट तीव्र उतारावर वेगाने जाणाऱ्याला हे थोडे सौम्य वाटेल.

दर वेळी खुर्चीच्या लिफ्टवर चढण्यासाठी मागचा पाय सोडायचा आणि वर पोहोचल्यावर ओल्या बर्फात बसून पुन्हा पट्टे आवळायचे, याचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी याच कंपनीची 2017 मध्ये बाजारात आलेली स्टेप ऑन पद्धत पाहावी. तिच्यात पट्टेच नाहीत. बूट टाचेला एका आणि चवड्याच्या दोन्ही बाजूंना मिळून दोन ठिकाणी अडकतो. मात्र तिला खास बूटच लागतात, आणि जो बूट माझ्या पायाला मोठ्या मुश्किलीने मानवला आहे तो केवळ दहा सेकंद वाचवण्यासाठी टाकून देण्याची माझी तयारी नाही.

एक गोष्ट मात्र बाइंडिंग कोणतेही असले तरी करावी लागते. नवे बसवल्यानंतर पहिल्या दोन फेऱ्यांनंतर चकतीचे स्क्रू तपासावेत, कारण थंडीत आणि हादऱ्यांनी ते सैल होऊ शकतात. अनेक ठिकाणी लिफ्टच्या पायथ्याशी साखळीने बांधलेला स्क्रूड्रायव्हर असतो, पण त्यासमोर नेहमी रांग लागलेली असल्यामुळे मी आखूड मुठीचा एक स्वतःच्याच खिशात ठेवतो.