बालीतला सामूहिक मेतातह: खर्च वाचतो, पण कानशीकडे लक्ष ठेवा

वयात आलेल्या मुलामुलींचे दात कानशीने घासून सारखे करण्याचा मेतातह विधी घरी करायचा तर मंडप, नैवेद्य, जेवणावळी यांत कुटुंबाचं कंबरडं मोडतं. त्यामुळे बंजारने, म्हणजे वस्तीने, एकत्र घातलेला विधी खरोखर सोयीचा. विधीत काही कमी पडत नाही. वरचे सहाच दात घासतात: पुढचे चार, दोन सुळे. सहा दात म्हणजे षड्रिपू; काम, क्रोध, लोभ हे शब्द तिथेही तेच. जबड्यात उसाचं कांडं पाचरीसारखं धरायचं, सांगिंग, म्हणजे दात घासणारा, कानस फिरवतो, थुंकी पिवळ्या शहाळ्यात. ते शहाळं नंतर घरच्या देवळामागे पुरतात. किती सुंदर शेवट!

अडचण गर्दीची. रांग लांबली की तीच कानस पुसून पुढच्याला लावली जाण्याचा धोका असतो. प्रत्येकाला वेगळी, निर्जंतुक कानस मिळणार का, हे नाव नोंदवतानाच विचारा. मधे आरसा हातात देतात. सुळ्यांची टोकं बोथट होऊन कडा एका रेषेत आल्या असतील तर तिथेच थांबवा. जास्त घासलं तर इनॅमल जातं, गार पाण्यानेही कळ येते, आणि गेलेलं इनॅमल पुन्हा येत नाही.