पेंटबॉलच्या बॅरल किटमध्ये 237.75 डॉलरची टोपी

न्यू जर्सीत आणि आसपास पेंटबॉल खेळणाऱ्या मराठी मंडळींनी हे नीट वाचा. बनावट किट विकणारा हा माणूस आपल्याच व्हॉट्सॲप ग्रुपांतून फिरतो, स्वच्छ मराठी बोलतो आणि "दादा, दादा" करत खिसा कापतो.

माल म्हणजे वापरलेलं फ्रीक किट: पेंटबॉलच्या बंदुकीची नळी (बॅरल) आणि गोळीच्या मापाप्रमाणे तिच्या आत बदलून बसवायच्या बारीक नळ्या (इन्सर्ट). ऑटोकॉकर थ्रेड (बॅरल बंदुकीला बसवायच्या आट्यांचा एक प्रकार), आतून 0.679 ते 0.695 इंचापर्यंतचे आठ इन्सर्ट. किटचे 165 डॉलर, पोस्टेज 12.75, आणि "तुमच्या पेंटला (म्हणजे रंगाच्या गोळ्यांना) मॅच करून ट्यून करून देतो" याचे वेगळे 60. एकूण 237.75. ही किटं बनवणारी स्मार्ट पार्ट्स कंपनी 2010 मध्येच बंद पडली, तिची जुनी किटं हातोहात विकली जातात, त्यामुळे वापरलेला माल घेण्यात वावगं काहीच नव्हतं. स्वस्त बघून भुललो असं कुणी म्हणू नये.

पैसे अर्थातच ॲपवरच्या "ओळखीतल्यांना" या पर्यायातून, ज्यात फी नाही आणि संरक्षणही नाही. "फी कशाला भरायची दादा? आपल्यात पावती कसली?" पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. कुणीही हा पर्याय सुचवला की बोलणं तिथेच थांबवा, तो गावचा निघाला तरी.

मनाला लागून राहिलाय तो त्याचा व्हिडिओ. आमच्या मैदानावरच्या पेंटच्या थोड्या गोळ्या त्यानं पोस्टानं मागवल्या होत्या. व्हिडिओत तो 0.679 कोरलेला इन्सर्ट उभा धरतो, वरून गोळी सोडतो आणि ती खालून सरळ तळहातावर पडते. मग 0.693 चा घेतो. तीच गोळी, तशीच घरंगळते. अरे, आमचं पेंट साधारण 0.685 चं! ते 0.679 मध्ये तोंडाशीच अडायला हवं. व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला होता. पण कोरलेले आकडे स्पष्ट दिसत होते, आणि त्यानं मी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "थंडीनं गोळ्या आकसल्यात दादा." जिलेटिनचं कवच हवेप्रमाणे फुगतं-आकसतं हे खरंच आहे, म्हणून पटलं. त्याच संध्याकाळी 60 डॉलर गेले. तेवढे तरी वाचले असते, याची चीड अजून जात नाही.

किट आल्यावर मैदानावर क्रोनोसमोर (गोळीचा वेग मोजणाऱ्या यंत्रासमोर) उभा राहिलो. रेग्युलेटरला (हवेचा दाब ठरवणाऱ्या भागाला) हात न लावता इन्सर्ट बदलला की वेगात फरक दिसायला हवा, कारण घट्ट बोअरमध्ये (नळीच्या आतल्या व्यासात) हवा गोळीच्या कडेनं निसटत नाही. इथे 0.679 लावा नाहीतर 0.693, आकडा 271 ते 274 फूट प्रतिसेकंद. शेवटी मशीन शॉपमध्ये काम करणाऱ्या मित्रानं पिन गेज (व्यास तपासायच्या नेमक्या मापाच्या पिना) घातले. 0.691 ची पिन आठही इन्सर्टमध्ये गेली, 0.693 ची एकातही गेली नाही. एकाच मापाच्या नळ्या, वर आठ वेगवेगळे आकडे कोरलेले.

आणि ते ट्यूनिंग! बॅरल कुणी घरी बसून ट्यून करून पाठवू शकत नाही. पेंट खोक्यागणिक बदलतं, सकाळी एक आणि दुपारी दमट हवेत दुसरं. मैदानावर गोळी बॅरलमध्ये ठेवायची. आपोआप घरंगळली तर बोअर मोठा, जोरात फुंकूनही हलली नाही तर लहान. अडून राहिली आणि फुंकरीनं सुटली, झालं काम. वेग तर मार्करवरच (पेंटबॉलच्या बंदुकीवरच) जुळवायचा, मैदानाची मर्यादा 280 असो की 300. या कामाचे कुणी पैसे मागितले तर तो चोर आहे. बॅरलच्या लांबीच्या गप्पांनाही भुलू नका, 12 ते 14 इंच पुरे.

आता दाद कुठे मागायची ते ऐका. बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, म्हणजे ही फसवणूक नाही. मग फसवणूक काय झोपेत करतात? पैसे पाठवायच्या ॲपचं उत्तर, खाजगी देवघेवीला संरक्षण नाही. पोलिसांना फोन केला तर "गन बॅरल" ऐकताच सीरियल नंबर आणि लायसन्स विचारायला लागले. हे पेंटबॉल आहे हे समजावण्यात वेळ गेला आणि वर ऐकवलं की हा दिवाणी मामला. सरकारी पोर्टलवर पिन गेजच्या फोटोंसकट तक्रार भरली, मिळाली ती फक्त पोच. ग्रुपच्या ॲडमिननं तर कमालच केली. "दोघं आपसात मिटवा, ग्रुपचं वातावरण बिघडवू नका." चोराला काही बोलायचं नाही, वातावरण बिघडवतो तो लुटला गेलेला! प्रत्येकाकडे अर्ज आहे, जबाबदारी कुणाकडेच नाही. रक्कम लहान म्हणून सगळे झटकून टाकतात, आणि या माणसाचा धंदा नेमका त्याच्यावरच चालतो.

क्रेडिट कार्डानं घ्या, निदान वाद तरी घालता येतो. थ्रेडचा फोटो मागा, ऑटोकॉकर सांगून दुसराच पाठवणारेही आहेत. शक्यतो मैदानावर भेटून, स्वतःची गोळी घालून बघूनच पैसे द्या.

त्यानं आता नंबर आणि नाव दोन्ही बदललंय, जाहिरातीचा फोटो मात्र तोच आहे: निळ्या मॅटवर ओळीनं आठ इन्सर्ट, डावीकडून तिसऱ्यावर आडवा ओरखडा. दिसला तर लगेच मला कळवा.